उसण भरते, गादी सरकते

1988 च्या मे महिन्यात माझी आई पाण्याची घागर उचलायला वाकली आणि तशीच राहिली. आजी म्हणाली, उसण भरली. आमच्या गावात उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायची पद्धत होती. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि त्यानं दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते, असा समज. आमच्या आळीतला पायाळू मुलगा माझ्याच वर्गात होता. तो लाजत लाजत आला, आईच्या कमरेला पाय लावून पळून गेला. आजीनं विटेचा तुकडा चुलीत तापवून फडक्यात गुंडाळला आणि शेक दिला. चार दिवसांत आई भिंतीला धरून परसात जाऊ लागली होती.

मामाला हे पटलं नाही. तो तिला शहरात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजेडाच्या पेटीवर लावला आणि म्हणाले, "मणक्यात गॅप आलाय. गादी सरकलीय." त्यानंतर सहा आठवडे आई लाकडी फळीवर उताणी पडून होती. पायांना पट्टे, पट्ट्यांना दोरी आणि दोरीच्या टोकाला पलंगापलीकडे लोंबणाऱ्या विटा. विटा कमी-जास्त करायचं काम माझ्याकडे होतं. ती उठली तेव्हा तिचे पाय काटक्यांसारखे झाले होते. कमरेला पट्टा आला, आणि पट्ट्याबरोबर तीन आज्ञा आल्या: वाकायचं नाही, उचलायचं नाही, खाली बसायचं नाही. पुढची पंचवीस वर्षं आईनं त्या पाळल्या. ती पंगतीत बसली नाही, तिनं जात्याला हात लावला नाही, नातवंडांना कडेवर घेतलं नाही. आणि कंबर मात्र पंचवीस वर्षं दुखतच राहिली.

मी पुढे फिजिओथेरपिस्ट झाले. वीसेक वर्षं लोकांच्या पाठी आणि माना हाताळल्यावर एक दिवस मी आईला जमिनीवर बसायला शिकवायला घेतलं. तिनं माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "आणि गादी पुन्हा सरकली तर?"

हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं आहे. तोच प्रश्न माझ्याकडे रोज येतो. हिंजवडीत दिवसाचे दहा तास खुर्चीत बसणारा मुलगा विचारतो, मार्केट यार्डातले हमाल विचारतात, निवृत्त शिक्षिका विचारतात. त्यांच्या हातात आता एक्स-रेऐवजी एमआरआयची मोठी पिशवी असते, पण भीती तीच असते.

आधी शब्दांबद्दल बोलू, कारण माझ्या मते या दुखण्याचा मोठा भाग शब्दांनी वाढवलेला आहे. आपल्या जुन्या बोलीत उसण भरते आणि उतरते. लचक भरते आणि निघते. चमक येते आणि जाते. मान अवघडते आणि मोकळी होते. या साऱ्या क्रियापदांत दुखण्याला येण्याची वाट आहे तशी जाण्याचीही आहे. पायाळू मुलाच्या पायात औषध नव्हतं, हे मला माहीत आहे. पण त्या उपचारात एक गोष्ट अचूक होती. घरातल्या प्रत्येकानं धरून चाललं होतं की चार दिवसांत बाई उठेल. 'गादी सरकली' म्हटलं की ही वाट बंद होते. सरकलेली वस्तू आपणहून जागेवर कशी येणार? 'झीज झाली' म्हटलं की संपलंच, झिजलेलं जोतं कधी भरून येत नाही. 'गॅप आला' हा शब्द तर उलटाच आहे. दोन मणक्यांमधलं अंतर वयानुसार थोडं कमी होतं, त्यालाच आपण गॅप आला म्हणतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मधे पडलेली फट उभी राहते.

गादी सरकत नाही. दोन मणक्यांमधली चकती वरच्या आणि खालच्या हाडाला इतकी घट्ट जडलेली असते की ती साबणाच्या वडीसारखी निसटूच शकत नाही. बाहेर चिवट तंतूंचे थर, आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर, अशी तिची रचना आहे. वयाबरोबर गर सुकतो, थर कुठे कुठे फाटतात, क्वचित गराचा थोडा भाग बाहेर येऊन शेजारच्या नसेला लागतो. पाठीच्या कण्यात अशा 23 चकत्या आहेत. प्रौढ माणसाच्या चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला की पाणी बाहेर जातं, दाब उतरला की आत येतं, आणि पोषणाला या ये-जा होण्याची मदत होते. रात्रभर आडवं पडल्यावर सकाळी आपण एक-दोन सेंटिमीटरनं उंच असतो, ते या पाण्यामुळेच. म्हणजे चकतीला हालचाल हवी असते. आणि आपण सहा आठवडे विटा टांगून तिची हालचालच थांबवत होतो.

हे सगळं गादीवर कसं येऊन थांबलं, त्याला इतिहास आहे. रॉन्टगेननं 1895 मध्ये क्ष-किरण शोधले आणि हाड दिसू लागलं. 1934 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी दाखवून दिलं की पायात उतरणाऱ्या कळेमागे फाटलेली चकती असू शकते, आणि ती शस्त्रक्रियेनं काढता येते. शोध मोठा होता आणि खराही होता. ज्याच्या पायाची कळ नसेवरच्या दाबामुळे येते त्याच्यासाठी तो आजही खराच आहे. आपल्याकडे चरकापासून या कळेला गृध्रसी म्हणतात. कुल्ल्यापासून पावलापर्यंत उतरणारी वेदना त्या जुन्या वैद्यांनी नेमकी ओळखली होती. चूक पुढे झाली. थोड्या लोकांच्या पायाच्या दुखण्याचं हे स्पष्टीकरण साऱ्या जगाच्या कंबरदुखीला लावलं गेलं.

मग एमआरआय आला आणि चकती प्रत्यक्ष दिसू लागली. 1994 मध्ये अमेरिकेत 98 माणसांचे कमरेचे एमआरआय काढले गेले. त्यांच्यापैकी कुणालाही कंबरदुखी नव्हती. तरीही जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या एका ना एका चकतीत काहीतरी बिघाड दिसला, आणि निम्म्याहून जास्त लोकांच्या चकतीला फुगवटा होता. 2015 मध्ये अशा 33 अभ्यासांतली 3,110 माणसं एकत्र मोजली गेली. यांचंही काही दुखत नव्हतं. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या चकत्यांत झीज होती, ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत होती. पांढऱ्या केसांना आपण रोग म्हणत नाही. चकतीच्या सुकण्याला मात्र म्हणतो, कारण ते इंग्रजीत छापून येतं आणि त्याचे पैसे भरलेले असतात. एमआरआय खोटं बोलतो, असं मला म्हणायचं नाही. तो खरंच सांगतो. फक्त तुमचं दुखणं त्याच्यामुळे आहे, हे त्याला सांगता येत नाही.

साधारण शंभरातल्या पंच्याऐंशी-नव्वद जणांच्या कंबरदुखीमागे एकच एक बिघडलेला भाग बोटानं दाखवता येत नाही. हे ऐकून लोकांना राग येतो. "म्हणजे माझं दुखणं खोटं?" खोटं मुळीच नाही. दुखणं मज्जासंस्थेत घडतं, आणि ती खरीखुरी जिवंत यंत्रणा आहे. 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना वाटेत मज्जारज्जूत कमी-जास्त केले जातात. 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं की मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच जास्त संवेदनशील होऊन बसू शकतात. मी रुग्णांना जागल्याची गोष्ट सांगते. गावात एकदा दरोडा पडला की जागल्या पुढचे महिनाभर पानाच्या सळसळीलाही हाळी देतो. त्याची हाळी खरी असते, त्याची भीतीही खरी असते, पण प्रत्येक हाळीमागे दरोडेखोर नसतो. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं पुष्कळदा असं असतं. जखम भरलेली असते, पहारा मात्र उठलेला नसतो. अपुरी झोप, कामावरचा जाच, घरातली कुरबुर, उदासी आणि सगळ्यात जास्त म्हणजे 'आपली पाठ मोडकी आहे' हा समज, या गोष्टी त्या पहाऱ्याला जागं ठेवतात. ग्लासगोचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल 1987 मध्ये हेच सांगत होते: पाठ बघा, पण पाठीच्या मालकालाही बघा.

उपचारांची प्रकरणं या पुस्तकात सगळ्यात लांब आहेत, म्हणून इथे थोडक्यात माझी मतं सांगते.

अंथरुणातली विश्रांती हा उपचार नाही. 1995 मध्ये हेलसिंकीत महापालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांवर एक साधा प्रयोग झाला. कंबर धरलेल्या काहींना दोन दिवस पडून राहायला सांगितलं, काहींना व्यायाम दिले, आणि काहींना सांगितलं की सोसेल तसं रोजचं काम करत राहा. तिसऱ्या गटातले लोक सगळ्यात लवकर बरे झाले. आईचे सहा आठवडे आठवले की आजही माझ्या पोटात कालवतं. कडक फळीचंही तसंच. 2003 मध्ये स्पेनमधल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या लोकांना कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर जास्त आराम पडला. वजनं टांगणं आणि पट्टा, हे दोन्ही उपाय जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीच्या शिफारशींतून स्पष्टपणे बाजूला काढले. आपल्या शहरांत ते अजून रोज विकले जातात.

गोळ्यांचा उपयोग मर्यादित आहे. साध्या पॅरासिटामॉलनं कंबरदुखी लवकर बरी होत नाही, हे 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीनं दाखवलं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या थोडे दिवस मदत करतात, पण औषधाच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडं बिघडवतात. शेक, तेलाचं मालिश, कटिबस्ती यांनी बरं वाटतं, आणि बरं वाटण्याला मी कमी लेखत नाही. शेक घेऊन स्नायू सैल झाले की लगेच उठून चालायला लागा, एवढंच माझं म्हणणं. शेक घेऊन पुन्हा पडून राहिलात तर त्या शेकाचा अर्धा फायदा वाया गेला.

शस्त्रक्रियेची भीती घालणाऱ्यांतली मी नाही, आणि तिची घाई करणाऱ्यांतलीही नाही. नेदरलँड्समध्ये पायात तीव्र कळ असलेल्या 283 रुग्णांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची शस्त्रक्रिया लवकर झाली त्यांची कळ लवकर थांबली. ज्यांना थांबायला सांगितलं त्यांच्यातल्या सुमारे चाळीस टक्क्यांना शेवटी शस्त्रक्रिया लागलीच. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गट सारखेच बरे होते. बाहेर आलेला गर शरीर आपणहून जिरवतं, आणि पुष्कळदा जितका मोठा तुकडा तितका तो जास्त जिरतो, हे ऐकून रुग्णांचे चेहरे कसे उजळतात ते मी पाहिलं आहे. नुसत्या कंबरदुखीसाठी, पायात कळ नसताना मणके जोडण्याची शस्त्रक्रिया कुणी सुचवली तर मात्र दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

राहिला व्यायाम. कोणता, हे लोक मला वही-पेन घेऊन विचारतात. जो तुम्ही सहा महिन्यांनंतरही करत असाल, तो. योगासनं असोत, पाण्यातला व्यायाम असो, व्यायामशाळेत वजन उचलणं असो, त्यांच्यात फार मोठा फरक नाही. सगळ्यात स्वस्त म्हणजे चालणं. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 701 लोकांच्या चाचणीत, कंबरदुखीतून उठलेल्यांना हळूहळू वाढवत अर्ध्या तासापर्यंत, आठवड्यातून पाच दिवस चालायला शिकवलं. दुखणं परत यायला त्यांना 208 दिवस लागले, न चालणाऱ्यांना 112. दुखणं कायमचं गेलं असं नाही. पण दोन उसणींमधलं अंतर जवळजवळ दुप्पट झालं, आणि त्यासाठी फक्त बूट लागले.

मानेबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. डोक्याचं साडेचार-पाच किलो वजन पेलणाऱ्या सात मणक्यांना आपण फार नाजूक समजतो. 'स्पॉन्डिलायटिस' हा शब्द तर घरोघरी झाला आहे. बहुतेकांना असतो तो वयानुसार होणारा बदल, त्यात दाह वगैरे काही नसतं. चक्कर आली की मानेचा एक्स-रे काढायचा आणि गळ्यात पट्टा घालायचा, ही आपल्याकडची रूढ चूक आहे. कूस बदलताना किंवा वर बघताना घर फिरल्यासारखं वाटलं तर दोष बहुधा कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेत असतो, आणि तो कित्येकदा डोक्याच्या काही ठरावीक हालचालींनी पाच मिनिटांत जागेवर येतो. मोबाइलकडे खाली बघून मान मोडते, असंही मला ठामपणे म्हणता येत नाही. कुठल्याही एका ठेवणीत तासन्‌तास राहिलं तर मान तक्रार करते, मग ती ठेवण कितीही 'बरोबर' असो.

आता एक गोष्ट, जी लिहिताना माझा हात जड होतो. दरवर्षी हंगाम संपला की मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेल्या बायका माझ्याकडे येतात. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाला 'उचल' म्हणतात, आणि ती उचल फेडायला तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. यातल्या काहींना कुठल्या तरी दवाखान्यात सांगितलं गेलं होतं की कंबर पिशवीमुळे दुखते. त्यांनी पस्तिशीच्या आत गर्भाशय काढून टाकलं आणि कंबर दुखतच राहिली. बीड जिल्ह्यातल्या अशा शस्त्रक्रियांच्या प्रमाणाची 2019 मध्ये सरकारी समितीनं चौकशी केली, तेव्हा वर्तमानपत्रांत चार दिवस चर्चा झाली. या बाईला मी चालायला जा म्हणून काय सांगू? ती दिवसाला मैलोगणती चालते. तिला विश्रांतीचा दिवस, कामावर पाणी, पाळीच्या दिवसांतली सुट्टी आणि हलकी मोळी हवी. माझ्याकडचे हमालदादा सांगतात, पूर्वी शंभर किलोचं पोतं एका पाठीवर असायचं. पोतं पन्नास किलोंवर आणण्यासाठी हमाल संघटनांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. पाठीवरचा तो उपचार कुठल्याही दवाखान्यात मिळाला नसता. म्हणून या पुस्तकातलं कामाच्या जागेवरचं प्रकरण मी मुकादम, मालक आणि कारखान्याच्या संचालकांना उद्देशून लिहिलं आहे.

2020 मध्ये जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि 2050 पर्यंत हा आकडा 84 कोटींवर जाईल असा अंदाज आहे. आकडा मोठा आहे म्हणून घाबरू नका. बहुतेकांची उसण काही आठवड्यांत उतरते, पुन्हा भरते, पुन्हा उतरते. आईला जमिनीवर मांडी घालून बसायला आठ महिने लागले. पहिल्या आठवड्यात आम्ही फक्त खुर्चीवरून उठलो आणि बसलो. मग पाटावर पाट ठेवून तीन पाटांवर, मग दोन, मग एक. दुखायचं थांबलं नव्हतं. त्या वर्षी गौरीच्या जेवणाला ती पंगतीत बसली आणि उठताना कुणाचाही हात मागितला नाही.

पुस्तक कुठूनही वाचायला घेतलं तरी चालेल. फक्त पहिलं प्रकरण आधी वाचा, कारण त्यात ज्यांनी हे पुस्तक वाचत बसू नये त्यांची यादी आहे. रात्री अंथरुणातही न थांबणारी पाठदुखी, सोबत बारीक ताप आणि उतरणारं वजन, असं असेल तर मणक्याचा क्षयरोग आधी तपासून घ्यावा लागतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे आणि औषधांनी हा रोग बरा होतो, पण उशीर झाला तर पाय जातात. पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची नवी पाठदुखी, वय झालेल्या बाईला साध्या पडण्यानंतर आलेली कळ, विशी-तिशीतल्या माणसाची सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणारी आणि हालचालीनं सुटणारी कंबर, यांनाही वेळेवर डॉक्टर हवा. शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, भाकरी थापताना हात चुकू लागले, चालताना पायातली चप्पल निसटली आणि ते कळलंही नाही, तर मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो. आणि कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधली, बसायची जागा बधिर झाली, लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, पाय लुळे पडू लागले, तर पुस्तक मिटा आणि रात्र असली तरी आत्ताच मोठ्या रुग्णालयात जा. तिथे काही तासांचाही फरक पडतो.